हिवाळ्यातील चार वाजताचा केक

मार्गशीर्ष लागला की दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. सर्दी, खोकला, दमा आणि सांधेदुखीचे रुग्ण वाढतात, हे अपेक्षितच असते. परंतु या दिवसांत आणखी एक तक्रार हमखास कानी पडते, आणि ती बहुधा रुग्णाच्या तोंडून येत नाही. सोबत आलेल्या सूनबाई किंवा चिरंजीव ती सांगतात. ‘‘डॉक्टर, आई हल्ली काही खातच नाहीत. सकाळी उशिरापर्यंत पांघरुणात असतात, दुपारी पुन्हा आडव्या होतात आणि दिवेलागणीला नुसत्या गप्प बसून राहतात.’’ तपासावे तर ताप नाही, छाती स्वच्छ, रक्तदाब किंचित वाढलेला. थंडीत तो थोडा वाढतोच. वजन मात्र दिवाळीपेक्षा दीड-दोन किलोंनी उतरलेले.

वाचकहो, या पार्श्वभूमीवर मी आज आपणांस घरी केक करण्याविषयी सांगणार आहे. आरोग्यविषयक पाक्षिकात एका डॉक्टरने केकची शिफारस करावी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. ज्यांच्या घरी मधुमेहाचे पथ्य आहे त्यांना तर ते धाडसाचेही वाटेल. त्या शंकांचा विचार पुढे सविस्तर करू. आधी ही भूक जाते कुठे, ते पाहू.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. निफाड-नाशिकच्या बाजूला किंवा विदर्भात सकाळचा गारठा असा असतो की ज्येष्ठांचे पहाटेचे फिरणे बंद पडते. फिरणे बंद झाले की कट्ट्यावरची मंडळी भेटत नाहीत, शरीराची हालचाल घटते, आणि हालचाल घटली की भूकही मंदावते. थंडीत तहान लागत नाही, पाणी कमी प्यायले जाते, पोट साफ होत नाही. पोट जड असले की समोरचे ताट नकोसे होते. त्यात साठीनंतर वासाची आणि चवीची जाण हळूहळू बोथट होत गेलेली असते. ज्या वरण-भातावर आपण तृप्त होतो, तोच त्यांना पाणचट लागतो. आणि या सर्वांवर कळस म्हणून घरातल्या प्रेमळ माणसांची वाक्ये: ‘‘बाबा, हे तुम्हाला चालत नाही.’’ ‘‘आजी, तू नको घेऊस.’’ ही वाक्ये दिवसातून दहा वेळा ऐकणारा माणूस जेवणाच्या ताटाकडे कोणत्या उत्साहाने पाहील?

वृद्धापकाळी वजन उतरणे ही क्षुल्लक बाब नव्हे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत शरीराच्या वजनाच्या ५ टक्के वजन कमी झाले, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीचे ३ किलो गेले, तर तिची तपासणी झालीच पाहिजे. कवळी सैल झालेली असते, थायरॉईडचा दोष असतो, कधी मेटफॉर्मिनसारख्या औषधाने भूक मंदावलेली असते, कधी मनाचा विषाद असतो, तर कधी याहून गंभीर काही. केक हा त्या तपासणीला पर्याय नाही. तपासण्या झाल्या, मोठा दोष आढळला नाही आणि तरीही माणूस कोमेजलेलाच राहिला, तर पुढे काय, या प्रश्नाचे एक लहानसे उत्तर म्हणून मी केककडे पाहतो.

शिरा का नको?

गोड आणि मऊच द्यायचे तर शिरा काय वाईट, असे आपण विचाराल. शिरा उत्तमच. पण शिरा एक व्यक्ती ओट्यापाशी उभी राहून पंधरा मिनिटांत करते आणि वाटी भरून खोलीत नेऊन देते. केकचे तसे नाही. त्याचे साहित्य मोजावे लागते, रवा भिजत ठेवावा लागतो, मिश्रण फेटावे लागते, आणि मग पाऊण तास काहीही न करता वाट पाहावी लागते. त्या पाऊण तासात वेलदोडा, जायफळ आणि तुपाचा वास घरभर फिरतो. शिवाय केक एकट्यापुरता करता येत नाही. तो होतोच दहा-बारा तुकड्यांचा, म्हणजे खाणारी माणसे जमवावीच लागतात. माझ्या दृष्टीने त्यातले औषध ते हेच. मोजण्याचे काम, वाट पाहणे आणि चार माणसे. गोडाचा क्रम त्यानंतरचा.

केक परका आहे, आमच्या आजी-आजोबांना तो रुचणार नाही, हेही खरे नव्हे. कोकणात मोठ्या काकडीचा, म्हणजे तवशाचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून धोंडस भाजतात. ओव्हनशिवाय केलेला तो केकच आहे. गोव्यात नाताळच्या फराळात रवा आणि नारळाचा ‘बाथ’ असतो. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकरीतला मावा केक आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणांनी पहिल्या पगारातून घरी आणला असेल. आणि वाळू भरलेल्या ताटलीवर बसणारे, झाकणाला काचेची गोल खिडकी असलेले ते ॲल्युमिनियमचे केकपात्र? अनेक घरांच्या माळ्यावर ते अजून असेल. ते खाली काढण्यास सांगा. ‘‘वाळू आधी चांगली तापू दे,’’ अशी सूचना आपल्याला ज्येष्ठांकडूनच मिळेल.

रव्याचा साधा केक

मी स्वतः ज्याची शिफारस करतो तो हा. बारीक रवा १५० ग्रॅम, दही १२५ ग्रॅम, दूध १२५ मिलिलीटर, साखर ६० ग्रॅम, पातळ केलेले तूप किंवा वासरहित तेल ५० ग्रॅम. नेहमीच्या पाककृतींत साखर याच्या दुपटीच्या आसपास असते. मी ती मुद्दाम उतरवली आहे. रवा, दही आणि दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगला की साखर आणि तूप घालून फेटावे. मिश्रण फार घट्ट वाटल्यास दोन-तीन चमचे दूध वाढवावे. वेलदोड्याची पूड सढळ हाताने घालावी, कारण वासाची जाण मंदावलेल्या नाकापर्यंत ती पोहोचली पाहिजे. जायफळ मात्र चिमूटभरच. मोठ्या मात्रेत ते अपायकारक असते. या दिवसांत नागपुरी संत्री बाजारात असतात. स्वच्छ धुतलेल्या संत्र्याची वरची केशरी साल बारीक किसणीने किसून घातली तर केकचे रूपच पालटते. आतला पांढरा थर घेऊ नये, तो कडू असतो.

अगदी शेवटी पाऊण चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. येथे चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा. दह्यातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे सुटू लागतात आणि तेच केकला हलके करतात. म्हणून सोडा घातल्यावर मिश्रण ताटकळत ठेवू नये. भांडे तोवर तापून तयार असावे. जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून तो डबा जाळीवर ठेवावा आणि मंद ते मध्यम आंचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजावे. कुकर वापरायचाच तर शिट्टी आणि रबरी रिंग न विसरता काढावी. कोरड्या उष्णतेने कुकर खराब होतो, म्हणून मी कढईचाच आग्रह धरतो. न चिकटणाऱ्या लेपाची कढई मात्र येथे चालणार नाही. ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर तीस ते पस्तीस मिनिटे पुरतात. पहिली तीस मिनिटे झाकण उघडून डोकावू नये, मध्यभाग खाली बसतो. त्यानंतर विणकामाची सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

ज्यांची भूक फार कमी आहे त्यांच्यासाठी यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर किंवा एक अंडे घालावे. अंडे घातल्यास दूध तेवढे कमी करावे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडे घातलेले कच्चे मिश्रण बोटाने चाटून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. त्यातून होणारे जुलाब तरुणाला दोन दिवसांत सोडतात, ऐंशीच्या व्यक्तीला रुग्णालयात नेतात.

आता कामाची वाटणी. ज्यांचे हात कापतात त्यांनी वेलदोडे सोलावेत. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीत बसून, भांडे टेबलावर ठेवून फेटावे. मिश्रण घट्ट असले तरी पुरणासारखा जोर लागत नाही आणि आखडलेल्या बोटांना तेवढाच व्यायाम होतो. दृष्टी बरी असेल त्यांनी काट्यावर वजन करावे. माझ्या परिचयातील एक गृहस्थ एस.टी.च्या आगारात भांडारपाल होते. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांचे जेवण निम्म्यावर आले. त्यांच्या नातीने त्यांच्या हाती स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही दिली. त्या वहीत त्यांनी प्रत्येक रविवारच्या केकची नोंद अशी ठेवली आहे, की लेखापरीक्षकालाही बोट ठेवायला जागा नाही: रवा किती, आंच कशी, सुई कितव्या मिनिटाला कोरडी निघाली, कोणी किती तुकडे खाल्ले. फेब्रुवारीत त्यांचे वजन किलोभराने वाढलेले होते. त्याचे सारे श्रेय मी केकला देणार नाही, कारण त्याच सुमारास त्यांची कवळीही नीट बसवून घेतली होती. पण वही मला दाखवण्यासाठी ते दवाखान्याच्या दोन पायऱ्या न थांबता चढून आले, हे मी पाहिले आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत थोडे वेगळे सांगायला हवे. कालचे नाव आठवत नसले तरी हातांनी वर्षानुवर्षे केलेल्या क्रिया बराच काळ टिकून राहतात. भांड्याला तूप लावणे, चाळणीने चाळणे, ढवळणे ही कामे एकेक करून द्यावीत. ‘आता केक कर’ असे म्हणून सगळे एकदम पुढे ठेवू नये. चूक दुरुस्त करू नये, फार तर गुपचूप पुन्हा मोजावे. अशा काही रुग्णांना दिवस मावळताना अस्वस्थता येते, घरात असूनही ते ‘घरी जाऊ या’ म्हणू लागतात. हिवाळ्यात ही वेळ लवकर येते. म्हणून मी केकची वेळ दुपारी सुरू करून चारच्या चहाला संपवावी असे सुचवतो. अंधार पडेपर्यंत हात आणि मन दोन्ही गुंतलेले राहतात. शिवाय चार वाजता खाल्लेला तुकडा रात्रीच्या जेवणाच्या आड येत नाही.

मधुमेहाचे काय?

वर दिलेल्या प्रमाणातील केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके आणि ११५ कॅलरी येतात. एका मध्यम पोळीत याहून किंचित अधिकच कर्बोदके असतात. म्हणजे मधुमेह आटोक्यात असलेल्या व्यक्तीने रविवारी चार वाजता एक तुकडा घेतला, त्या वेळचा चहा बिनसाखरेचा घेतला आणि रात्री एक पोळी कमी केली, तर हिशेब जवळपास जुळतो. खात्री हवी असेल तर खाल्ल्यानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर तपासून पाहावे. मनातल्या भीतीपेक्षा काट्यावरचा आकडा बरा. औषधाची किंवा इन्सुलिनची मात्रा मात्र स्वतःहून वाढवू नये. ज्यांची साखर सध्या फार वाढलेली आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

वय अधिक आणि आजार अनेक असतील तर आम्ही एचबीए१सीचे उद्दिष्टही थोडे सैल, ८ टक्क्यांच्या आसपास ठेवतो, कारण त्या वयात साखर एकदम उतरणे अधिक घातक ठरते. ज्येष्ठांचा सगळा गोडवा तोडणाऱ्या कुटुंबांना मी हे आवर्जून सांगतो. ज्या घरात पूर्ण बंदी असते, तेथे उशीखाली पेढ्याचा कागद सापडतो. चोरून खाल्लेल्या पेढ्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही, सर्वांसमक्ष खाल्लेल्या तुकड्याचा ठेवता येतो.

गुळाचा किंवा मधाचा केक मधुमेहींना चालतो, हा समज आता सोडून द्यावा. रक्तातील साखर त्यांनीही वाढते. केळी आणि खजूर घालून केलेला ‘बिनसाखरेचा’ केक हाही साखरेचाच केक असतो, फक्त ती फळांतून आलेली असते. बाजारातील ‘शुगर फ्री’ केकमध्ये साखर नसली तरी मैदा असतो, आणि मैद्याचे शेवटी ग्लुकोजच होते. कृत्रिम गोडी वापरायची असल्यास ॲस्पार्टेमची गोडी भाजताना नष्ट होते, सुक्रालोजची टिकते. तरीही केकचा मऊपणा साखरेमुळे येतो, म्हणून थोडी साखर आणि लहान तुकडा हाच मार्ग मला अधिक पटतो.

एक अत्यंत महत्त्वाची सूचना. घाम सुटून, हात थरथरून साखर एकदम उतरली, तर केक भरवू नये. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू आहेत त्यांना मात्र साखर उपयोगाची नाही, ग्लुकोज पावडरच द्यावी लागते, कारण ही औषधे साखरेचे पचन लांबवतात. अशा घरी ग्लुकोजचा डबा हाताशी असलाच पाहिजे.

रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी सोड्याकडे लक्ष द्यावे. सोड्याच्या एका सपाट चमच्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. वरील प्रमाणात तुकड्यामागे वाट्याला येणारे सोडियम थोडेच आहे, परंतु ‘अधिक फुगावा’ म्हणून फ्रूट सॉल्टची पुडी रिकामी करणे टाळावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास केळी, खजूर आणि चॉकलेट यांतील पोटॅशियम आणि बेकिंग पावडरमधील फॉस्फेट यांचा विचार करावा लागतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.

पक्षाघात किंवा कंपवाताच्या रुग्णांसाठी केकचा खरा धोका साखरेत नसून कोरड्या चुऱ्यात आहे. पाणी पिताना ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज घोगरा आणि ओलसर होणे, घास गालात साठून राहणे ही गिळण्याच्या अडचणीची लक्षणे होत. ती दिसत असतील तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. मऊ आहाराची परवानगी मिळाल्यावर केकचा तुकडा कोमट दुधात किंवा कस्टर्डमध्ये पूर्ण भिजवून एकजीव करावा. दूध वेगळे आणि तुकडे वेगळे तरंगत राहिले तर ठसका अधिक लागतो. बदाम-मनुका अशा वेळी नकोतच. व्यक्तीला ताठ बसवून, चहाच्या चमच्याने, बोलणे थांबवून भरवावे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

तापलेले मीठ आणि वाळू गॅस बंद केल्यानंतरही तास-दोन तास चटका देण्याइतकी गरम राहते, म्हणून कढई हलवण्याचे काम घरातील तरुणांनीच करावे. शालीचे किंवा सैल स्वेटरच्या बाहीचे टोक ज्योतीजवळ जाणार नाही, हे पाहावे. गारठा कितीही असला तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी. कोळशाच्या शेगडीवर धोंडस करण्याची हौस असेल तर ती अंगणात भागवावी. बंद खोलीतील कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो.

केक एका बैठकीत संपवण्याची सक्ती नाही. पूर्ण निवल्यावरच कापावा, नाहीतर चुरा पडतो. हवाबंद डब्यात थंडीत तो एक दिवस बाहेर राहतो आणि शीतकपाटात तीन-चार दिवस. शिळ्या तुकड्याला इडलीपात्रात दोन मिनिटे वाफ द्यावी. मायक्रोवेव्हमध्ये तो क्षणभर मऊ होतो आणि चहा संपण्यापूर्वी दगडासारखा कडक होतो, मग कवळी असणाऱ्यांची फार पंचाईत होते.